डोळ्याने स्वीकारलेले पदार्थ : सुटलेले दृष्टिपटल आणि शंभर वर्षांची परीक्षा

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत, सुटलेले दृष्टिपटल पुन्हा जागेवर बसवण्याची शस्त्रक्रिया आता दुर्मीळ राहिलेली नाही. ही शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांच्या नेत्रगोलाभोवती सिलिकॉन रबराची दोन-अडीच मिलिमीटर रुंदीची पट्टी असते, काहींच्या डोळ्यात काही महिने सिलिकॉन तेल असते, तर काहींच्या डोळ्यात वायूचा बुडबुडा असतो, जो काही आठवड्यांत आपोआप विरून जातो. हे तिन्ही पदार्थ मानवी शरीराने निर्माण केलेले नाहीत, तरीही डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला ते सोसतात, आणि अशा पदार्थांना वैद्यकात जैवसुसंगत म्हटले जाते. ही सुसंगती मात्र प्रयोगशाळेत एकदा सिद्ध झाली आणि कायमची ठरली, असे कधीच घडले नाही. ज्या पदार्थांवर शल्यचिकित्सकांनी विश्वास टाकला त्यांपैकी काही थोड्याच वर्षांत, तर काही चक्क दहा-पंधरा वर्षांनी अपात्र ठरले. त्यामुळे या पदार्थांचा इतिहास सांगताना शोधाच्या तारखेइतकेच महत्त्व निकालाच्या तारखेला द्यावे लागते, आणि या दोन तारखांमध्ये पडलेले अंतर हाच या इतिहासाचा मुख्य धडा आहे.

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागील बाजूस आतून पसरलेला चेतापेशींचा पातळ थर, ज्याला बोलण्यात नुसते ‘पडदा’ म्हणतात. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, आणि प्रकाश टिपणाऱ्या त्याच्या बाहेरील पेशींना प्राणवायू व पोषण मिळते ते त्याच्या पाठीमागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या रंजितपटलाकडून. रंजितपटलाच्याही बाहेर श्वेतपटल, म्हणजे डोळ्याचे पांढरे व चिवट कवच असते. नेत्रगोलाची पोकळी काचाभ द्रव या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. वय वाढते तसा हा पदार्थ पातळ होत जातो, आकसतो, आणि आकसताना कधी कधी दृष्टिपटलाला ओढून त्यात छिद्र पाडतो. मग त्या छिद्रातून द्रव पटलामागे शिरू लागतो, आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसे पटल मागच्या थरापासून अलग होत जाते. डोळ्यांसमोर चमका दिसणे, काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव होणे आणि मग एका बाजूने सावली सरकत येणे ही त्याची लक्षणे आहेत. मोठ्या उणे क्रमांकाचा चष्मा असणाऱ्यांना, डोळ्याला मार लागलेल्यांना आणि मोतीबिंदू काढलेल्यांना हा धोका अधिक असतो. अलगपणा पटलाच्या मध्यवर्ती भागापर्यंत, म्हणजे तीक्ष्ण दृष्टीचे केंद्र असलेल्या पीतबिंदूपर्यंत पोहोचला, तर काही दिवसांचा विलंबही दृष्टी कायमची उणी करून जातो.

असाध्यतेचा काळ

हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रांतदर्शक, म्हणजे जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, जगासमोर ठेवले, तेव्हा सुटलेले दृष्टिपटल प्रथमच प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. मुंबईत त्याआधीच, १८४५ मध्ये, ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते, आणि पुढे १८६०च्या दशकात भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून स्वतंत्र नेत्र रुग्णालय उभे राहिले. मात्र लंडन, पॅरिस किंवा मुंबई, कुठेही या रोगापुढे वैद्यांचे काही चालत नव्हते, कारण रोग दिसत होता पण त्याचे कारण निश्चित झालेले नव्हते. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून रुग्णाला आठवडेच्या आठवडे निश्चल झोपवून ठेवणे, घाम आणणारी औषधे देणे, पटलामागचा द्रव सुईने काढून टाकणे असे उपाय केले जात, आणि त्यांतून क्वचितच कोणी बरे होई. अमेरिकेत १९१२ मध्ये नेत्रवैद्यांकडून माहिती मागवून केलेल्या एका पाहणीत यशाचे प्रमाण हजारांत एक असल्याचे आढळले होते.

ही निराशा मोडून काढण्याचे श्रेय स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ यांना जाते. पटल सुटण्याचे मूळ कारण त्यातील छिद्र आहे, म्हणून ते छिद्र शोधून बंद केल्याशिवाय कोणताही उपचार टिकणार नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून ताडले. छिद्राची जागा बाहेरून श्वेतपटलावर अचूक मोजून तेथे तापवलेल्या टोकाने डाग दिला, तर त्या जागी तयार होणारा व्रण पटलाला मागच्या थराशी जखडून टाकतो, या तत्त्वावर त्यांनी आपली शस्त्रक्रिया बेतली. १९२० च्या सुमारास त्यांनी ती मांडली तेव्हा तिला बराच विरोध झाला, परंतु १९२९ च्या ॲमस्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रवैद्यक परिषदेत त्यांचे म्हणणे मान्य झाले, आणि हजारांत एक असलेले यश काही वर्षांतच निम्म्याच्या आसपास पोहोचले.

गोनँ यांच्या पद्धतीत डोळ्यात किंवा डोळ्यावर कोणताही परका पदार्थ मागे राहत नसे, आणि तिची मर्यादाही त्यातच होती. छिद्रे अनेक असली, काचाभ द्रवाची ओढ कायम असली किंवा पटल आकसलेले असले, तर नुसत्या डागाने ते मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत नसे. म्हणून पुढच्या पिढीने विचाराची दिशाच उलटी केली, आणि पटल भिंतीकडे येत नसेल तर भिंतच आत दाबून पटलापर्यंत न्यावी, असे ठरवले. श्वेतपटल बाहेरून दाबून आत उंचवटा तयार करण्याच्या या शस्त्रक्रियेला पुढे स्क्लेरल बकलिंग हे नाव मिळाले, आणि आपल्याकडचे नेत्रतज्ज्ञ व रुग्ण तिला ‘बकल बसवणे’ म्हणतात. मात्र भिंत दाबलेली राहायची तर ती दाबून धरणारे काहीतरी तेथे राहिले पाहिजे, आणि येथूनच पदार्थांचा प्रश्न सुरू झाला.

पहिले पदार्थ

१९३७ मध्ये जर्मनीतील आडोल्फ येस यांनी छिद्राच्या जागी श्वेतपटलावर कापडी जाळीचा बोळा काही काळापुरता ठेवून पाहिला. कायमस्वरूपी पदार्थाचा पहिला ठोस प्रयत्न मात्र ड्युसेलडॉर्फचे अर्न्स्ट कुस्टोडिस यांनी १९४९ मध्ये केला. पॉलिव्हायनिल अल्कोहोल, बाभळीच्या जातीच्या झाडापासून मिळणारा डिंक आणि काँगो रेड हा रंग यांच्या मिश्रणातून बनवलेला ‘पॉलिव्हिओल’ नावाचा लवचिक तुकडा त्यांनी छिद्राच्या नेमक्या जागी श्वेतपटलावर शिवून बसवला. छिद्र बाहेरून दाबून बंद झाले की पटलामागचा द्रव काढावा लागत नाही, डोळा तो स्वतःच शोषून घेतो, हे त्यांचे प्रतिपादन क्रांतिकारक होते आणि पुढे खरेही ठरले. त्यांचा पदार्थ मात्र खरा ठरला नाही, कारण विजेच्या उष्णतेने डागलेल्या, दुबळ्या झालेल्या श्वेतपटलावर पॉलिव्हिओल बसवल्यानंतर काही रुग्णांत तेथे संसर्ग होई, गळू तयार होई आणि श्वेतपटल कुजून भोक पडे. कल्पना बरोबर आणि पदार्थ चुकीचा, अशी ही अवस्था या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

त्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी, लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या पारदर्शक प्लास्टिकचे भिंग बसवले. महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या अशाच प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि ते फारशी प्रतिक्रिया न येता तेथे राहिले होते, हे निरीक्षण त्यांच्या धाडसामागे होते. रिडली यांच्या आरंभीच्या काही रुग्णांत तीव्र दाह झाला, आणि त्याचे एक कारण भिंगाचा पदार्थ नसून भिंग निर्जंतुक करण्यासाठी वापरलेल्या सेट्रिमाइड या द्रव्याचा राहिलेला अंश होता, असे पुढे लक्षात आले. पदार्थ कसा बनवला, कसा धुतला आणि कसा निर्जंतुक केला, हेही त्याच्या सुसंगतीचेच भाग आहेत, हा बोध नेत्रवैद्यकाला या अनुभवातून मिळाला.

अटलांटिकच्या पलीकडे, बॉस्टनमध्ये, चार्ल्स शेपेन्स यांनी १९५१ मध्ये बकलिंगची वेगळी रीत बसवली. मूळचे बेल्जियमचे असलेले शेपेन्स महायुद्धात नाझींविरुद्धच्या भूमिगत प्रतिकारात होते, आणि फ्रान्स-स्पेन सरहद्दीवरील पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या एका गावातून त्यांनी अनेकांना पलीकडे सुखरूप पोहोचवले होते. युद्धकाळातच लंडनमध्ये त्यांनी डोक्यावर बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा अप्रत्यक्ष नेत्रांतदर्शक तयार केला, आणि त्यामुळे दृष्टिपटलाच्या अगदी कडेची छिद्रेही दिसू लागली. बॉस्टनमध्ये त्यांनी श्वेतपटलाचा वरचा थर उकलून त्या खोबणीत पॉलिएथिलीनची बारीक नळी बसवली आणि ती नेत्रगोलाभोवती पूर्ण फिरवून एक कायमचा घेर तयार केला. पॉलिएथिलीन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असल्याने ते डोळ्याला त्रास देणार नाही, अशी अपेक्षा होती. रसायनाने त्रास दिला नाही, पण काठिण्याने दिला, कारण कडक नळीचा दाब मऊ श्वेतपटलाच्या एका रेषेवर सतत पडत राहिला आणि काही वर्षांत काही रुग्णांत नळी श्वेतपटल झिजवून डोळ्याच्या आत उतरली. शरीराला न मानवणे हे केवळ विषारीपणाने घडत नाही, आकार आणि कडकपणा यांनीही घडते, ही गोष्ट पॉलिएथिलीनने शिकवली.

सिलिकॉनचा निवाडा

सिलिकॉन हा पदार्थ म्हणजे वाळूत आढळणाऱ्या, सिलिकॉन याच नावाच्या मूलद्रव्याचे आणि ऑक्सिजनचे अणू आलटून-पालटून जोडलेले लांब साखळीरूप संयुग असते, आणि साखळीतील प्रत्येक सिलिकॉन अणूला दोन मिथिल गट जोडलेले असतात. हा कणा लवचिक असतो, पाण्याने विघटित होत नाही, वाफेच्या १२१ अंश सेल्सिअस उष्णतेने निर्जंतुक केला तरी बिघडत नाही, आणि साखळ्या एकमेकींना जोडल्या की रबर, तर मोकळ्या ठेवल्या की तेल तयार होते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या विद्युत यंत्रणांसाठी त्याचे उत्पादन वाढले, आणि १९५०च्या दशकाच्या मध्यास डोक्यात साचणारे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांसाठी ते मानवी शरीरात वापरले जाऊ लागले. शेपेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये पॉलिएथिलीन सोडून सिलिकॉन रबराचे बकल स्वीकारले. न्यूयॉर्कचे हार्वी लिंकॉफ यांनी १९६५ मध्ये कुस्टोडिस यांचे तत्त्व पुन्हा हाती घेऊन पॉलिव्हिओलच्या जागी सिलिकॉनचा स्पंज वापरला, आणि उष्णतेने डागण्याऐवजी अतिशीत टोकाने, म्हणजे ज्याला क्रायो म्हणतात त्या पद्धतीने, पटल जखडले. गोठवण्याने श्वेतपटल दुबळे होत नसल्याने गळवांचे प्रमाण एकदम घटले. पट्टीची दोन टोके गाठ न मारता जुळवून धरण्यासाठी अमेरिकेतील रॉबर्ट वॉट्झकी यांनी १९६३ मध्ये सिलिकॉनचीच बारीक बाही सुचवली, आणि ती आजही वापरात आहे.

सिलिकॉन डोळ्याला मानवते याचा अर्थ शरीर त्याला आपलेसे करते असा नव्हे. शरीर त्याच्याभोवती तंतुमय ऊतींचे पातळ आवरण तयार करून त्याला वेगळे ठेवते, आणि हे आवरण पातळ व शांत राहिले म्हणजे पदार्थ सुसंगत ठरला असे मानले जाते. अशा शांततेचीही किंमत असते. नेत्रगोलाभोवतीची पट्टी डोळा किंचित लांबट करते, त्यामुळे चष्म्याचा उणे क्रमांक सहसा दोन-तीन डायॉप्टरने वाढतो, आणि पट्टी फार घट्ट झाली तर डोळ्याच्या पुढील भागाचा रक्तपुरवठा उणा पडू शकतो. स्पंजाच्या बारीक पोकळ्यांत जंतू घर करू शकत असल्याने काही वेळा तो वर्षांनी बाहेर डोकावतो आणि काढावा लागतो, त्यामुळे पुढे अनेक शल्यचिकित्सकांनी भरीव सिलिकॉनला पसंती दिली. दात्याचे श्वेतपटल, मांडीच्या स्नायूवरील पांढरे आवरण आणि स्नायूबंध यांसारख्या जैविक ऊतीही बकल म्हणून वापरल्या गेल्या, पण त्या काळानुसार विरघळत वा सैल होत असल्याने त्यांचा दाब टिकत नसे.

आतून आधार

बाहेरून भिंत दाबण्याबरोबरच आतून पटल दाबून धरण्याचाही मार्ग शोधला गेला. १९३८ मध्ये स्वीडनचे रोझेनग्रेन यांनी डोळ्यात हवा भरून छिद्र आतून बंद ठेवले. हवा काही दिवसांत शोषली जाई, म्हणून १९७३ मध्ये मायामीचे एडवर्ड नॉर्टन यांनी सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू वापरला, जो विजेच्या उपकेंद्रांत विद्युतरोधक म्हणूनही वापरला जातो. शुद्ध स्वरूपात हा वायू डोळ्यात सुमारे दुप्पट फुगतो आणि दीड-दोन आठवडे टिकतो, तर पुढे आलेला परफ्लोरोप्रोपेन सुमारे चौपट फुगतो आणि सहा ते आठ आठवडे टिकतो. या काळात बुडबुडा छिद्रावर टेकून राहावा म्हणून रुग्णाला डोके ठरावीक स्थितीत ठेवावे लागते, आणि हवेचा दाब घटला की बुडबुडा फुगून डोळ्याचा दाब धोकादायकपणे वाढू शकत असल्याने विमानप्रवास वर्ज्य असतो. उपनगरातील रुग्णाच्या दृष्टीने ही सूचना केवळ विमानतळापुरती राहत नाही, कारण समुद्रसपाटीवरील मुंबईहून खंडाळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या घाटांत चढतानाही हवेचा दाब घटतो, आणि म्हणून गावी जाण्याचा बेत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागतो.

द्रवरूप सिलिकॉनचा इतिहास अधिक वळणांचा आहे. सेंट लुइस येथील पॉल सिबिस यांनी १९६२ मध्ये सिलिकॉन तेलाने पटल दाबून धरता येते हे दाखवले, पण १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि तेलाचे बारीक थेंब होऊन ते डोळ्यात पसरणे, मोतीबिंदू होणे, काचबिंदू होणे अशा गुंतागुंतींमुळे अमेरिकेत त्याचा वापर मागे पडला. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास मायामीत व्हिट्रेक्टमी, म्हणजे काचाभ द्रव आतून कापून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, विकसित केली. त्यानंतर इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट आणि हॉलंडमध्ये रेल्या झिवोयनोविच यांनी तेलाला गुंतागुंतीच्या डोळ्यांसाठी पुन्हा स्थान मिळवून दिले. अमेरिकेच्या औषध नियामकाची त्याला मान्यता मिळाली ती १९९४ मध्ये, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर बत्तीस वर्षांनी. तेल पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने ते वर तरंगते आणि खालच्या भागातील छिद्रांना चांगला आधार देत नाही. ते सिलिकॉनच्याच भिंगाला कायमचे चिकटून बसते, त्यामुळे पटल सुटण्याचा धोका असलेल्या रुग्णाला मोतीबिंदूच्या वेळी सिलिकॉनचे भिंग बसवणे टाळले जाते. दोन सुसंगत पदार्थ एकमेकांशी विसंगत ठरू शकतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उशिरा लागलेले निकाल

पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ बहुवारिकांची, म्हणजे हायड्रोजेलची, कल्पना चेकोस्लोव्हाकियाचे ओटो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली, आणि तिच्यातून मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा जन्म झाला. अशाच प्रकारचा, पण वेगळ्या घटकांचा पदार्थ बॉस्टनमध्ये बकलसाठी तयार झाला आणि १९८०च्या दशकात ‘मिराजेल’ या नावाने वापरात आला. तो मऊ होता, श्वेतपटलाला झिजवत नव्हता आणि त्यात जंतूंना लपायला पोकळ्या नव्हत्या, म्हणून पॉलिएथिलीन आणि स्पंज या दोहोंचे दोष त्याने दूर केले असे वाटले. दहा-पंधरा वर्षांनंतर मात्र काही रुग्णांचे बकल फुगू लागले, कारण शरीरातील पाण्याने बहुवारिकातील रासायनिक बंध हळूहळू तुटत होते आणि सैल झालेले जाळे अधिकाधिक पाणी शोषत होते. फुगलेला पदार्थ डोळ्याला ढकलत असे, काही वेळा त्याची गाठ अर्बुदासारखी भासे, आणि काढू गेले तर तो चिमटीत भुगा होऊन तुटे. १९९०च्या दशकात तो बाजारातून गेला, पण तोवर बसवलेली बकले रुग्णांच्या डोळ्यांत राहिली, आणि एकविसाव्या शतकातही नेत्रतज्ज्ञांना ती काढावी लागली.

दुसरा धडा याहून अलीकडचा आहे. स्टॅन्ले चँग यांनी १९८७ मध्ये पाण्याहून जड असे परफ्लोरोकार्बन द्रव वापरून दुमडलेले पटल शस्त्रक्रियेदरम्यान सपाट करण्याची पद्धत रूढ केली, आणि ते द्रव शस्त्रक्रिया संपताना काढून टाकले जाते. २०१५ मध्ये स्पेनमध्ये या वर्गातील एका द्रवाच्या काही उत्पादन-तुकड्यांत विषारी अशुद्धी राहिल्याने अनेक रुग्णांची दृष्टी गेली. पदार्थ तोच, नाव तेच, प्रमाणपत्रही होते, पण विशिष्ट तुकडी विषारी निघाली. म्हणजे सुसंगती ही पदार्थाच्या नावाला चिकटलेली नसते, ती प्रत्येक उत्पादनात नव्याने सिद्ध करावी लागते.

मुंबई, तुर्भे, पवई

या जागतिक कथेत मुंबईच्या उपनगरांचा वाटा आहे तो पदार्थ निर्धोक करण्याच्या आणि रुग्णापर्यंत पोहोचवण्याच्या कामात. महापालिकेची हद्द १९५० मध्ये उपनगरांपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली, परंतु वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी सार्वजनिक रुग्णालये शहराच्या दक्षिण व मध्य भागातच राहिली. राजावाडी, भगवती, अग्रवाल आणि कूपर या रुग्णालयांनी उपनगरांची सर्वसाधारण गरज भागवली, तर कूपर रुग्णालयाला जोडून महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०१५ मध्ये. ज्या रोगात पीतबिंदू सुटण्यापूर्वीचे काही दिवस निर्णायक असतात, त्या रोगात शस्त्रक्रियेचे ठिकाण घराजवळ येणे हाही उपचाराचाच भाग ठरतो, आणि उपनगरांत उभ्या राहिलेल्या नेत्र रुग्णालयांचे महत्त्व त्यात आहे.

पटल सुटण्याच्या प्रमाणावर दुसऱ्या एका पदार्थाने अप्रत्यक्ष पण खोल परिणाम केला. १९८०च्या दशकापर्यंत भारतात मोतीबिंदूचे संपूर्ण भिंग त्याच्या पिशवीसह काढून जाड चष्मा देण्याची पद्धत सर्रास होती, आणि पिशवीचा अडसर गेल्याने काचाभ द्रव पुढे सरकून पटलावर ओढ बसत असे. पिशवी जागीच ठेवून तिच्यात भिंग बसवण्याच्या पद्धतीने हा धोका घटवला. मदुराईत १९९२ मध्ये सुरू झालेल्या ऑरोलॅबने भिंगे स्वस्त केली, आणि १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत चाललेल्या मोतीबिंदू प्रकल्पाने ती सामान्य रुग्णापर्यंत नेली. रिडली यांचे प्लास्टिक अशा रीतीने दृष्टिपटलाचेही रक्षक ठरले.

निर्जंतुकीकरणाचा जो प्रश्न रिडली यांच्या पहिल्या भिंगांनी उभा केला होता, त्याला तुर्भ्याने मोठ्या प्रमाणावर उत्तर दिले. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परिसरात १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने आयसोमेड हा प्रकल्प सुरू झाला, आणि कोबाल्ट-६० या किरणोत्सारी समस्थानिकाचे गॅमा किरण वापरून बंद पाकिटातील वैद्यकीय साहित्य तेथे निर्जंतुक केले जाऊ लागले. २५ किलोग्रे ही त्यासाठीची रूढ मात्रा आहे, आणि या पद्धतीत साहित्य गरम होत नाही व त्यावर कोणत्याही रसायनाचा अंश राहत नाही. प्रत्येक पदार्थाला हे किरण मानवत नाहीत, टेफ्लॉन तर त्यांनी ठिसूळ होते, म्हणून कोणता पदार्थ कशाने निर्जंतुक करायचा याचा निर्णय त्याच्या रसायनावरून घ्यावा लागतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९८८ मध्ये स्थापन केलेल्या ऊतीपेढीत गर्भवेष्टन, म्हणजे बाळाभोवतीचे पातळ आवरण, वाळवून व किरणांनी निर्जंतुक करून उपचारासाठी पुरवले जाते. हीच ऊती, गोठवून जतन केलेल्या स्वरूपात, इटलीतील शल्यचिकित्सकांनी अलीकडच्या वर्षांत पीतबिंदूतील मोठी छिद्रे बुजवण्यासाठी वापरली, आणि जैविक पदार्थांकडे नेत्रवैद्यक पुन्हा वळत असल्याचे त्यातून दिसले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या, पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१४ मध्ये राज्य शासनाच्या पाठबळाने वैद्यकीय उपकरणांच्या नवनिर्मितीचे केंद्र उभे राहिले, जेथे अभियंते आणि डॉक्टर एकत्र बसून उपकरणे घडवतात. बकलपासून तेलापर्यंतचा अनुभव सांगतो की अशा एकत्र बसण्यातच पुढच्या चुका लवकर पकडल्या जाण्याची शक्यता आहे.

उरलेले काम

आज साध्या स्वरूपाच्या अलगपणात एकाच शस्त्रक्रियेने पटल बसण्याचे प्रमाण दहांत आठ-नऊपर्यंत पोहोचले आहे, पण पाच ते दहा टक्के रुग्णांत पटलाच्या पृष्ठभागावर पेशी वाढून आकसणारे पापुद्रे तयार होतात आणि बसलेले पटल पुन्हा ओढले जाते. या पापुद्र्यांना रोखणारा पदार्थ अद्याप मिळालेला नाही. काचाभ द्रवाची जागा कायमची घेईल अशा जेलवर, आणि आपले काम संपल्यावर विरघळून जाईल अशा बकलवर जगभर संशोधन चालू आहे, आणि मिराजेलच्या अनुभवानंतर या नव्या पदार्थांची परीक्षा महिन्यांच्या प्रयोगांवर संपवणे हे वैद्यकाला शोभणारे ठरणार नाही.

भारतात डोळ्यातील भिंगे २००५ मध्ये औषध कायद्याच्या कक्षेत आली, वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ मध्ये तयार होऊन १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे नियमनाखाली आली. उपकरणांमुळे झालेल्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. राज्यात या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे उपनगरातच आहे. नियमांची ही चौकट आवश्यक आहे, पण ती पुरेशी व्हायची तर शस्त्रक्रियेच्या दिवशी डोळ्यात किंवा डोळ्यावर काय बसवले, त्याचा प्रकार, क्रमांक आणि तुकडी कोणती होती, याची नोंद रुग्णाच्या हाती आणि रुग्णालयाच्या दप्तरी दशके टिकली पाहिजे. घाटकोपरला बकल बसवलेला रुग्ण वीस वर्षांनी विरारला किंवा बदलापूरला राहायला गेलेला असू शकतो, आणि तेथे त्याचा डोळा तपासणाऱ्या डॉक्टरला ती नोंद दिसली नाही, तर बिघाड पदार्थाचा आहे की डोळ्याचा हे कळायला मौल्यवान वेळ जातो. पॉलिव्हिओल, पॉलिएथिलीन आणि मिराजेल यांचे दोष जगाला कळले, कारण कोणीतरी त्या रुग्णांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासले आणि जे दिसले ते प्रामाणिकपणे छापले. पदार्थ निवडण्याचे कौशल्य जितके वाढेल तितकीच ही चिकाटीही वाढली, तरच आज बसवल्या जाणाऱ्या पदार्थांचा खरा निकाल वेळेत हाती येईल आणि त्याचा उपयोग पुढच्या रुग्णांना होईल.